मर्व्ह गर्लाखचं भरलेलं तळं

मर्व्ह गर्लाखच्या तोंडाकडे बघून तो खरं बोलतोय की थट्टा करतोय हे सांगणारा माणूस ऑस्ट्रेलियातल्या आमच्या डार्लिंग डाउन्सच्या पठारावर अजून जन्माला यायचाय. डोरीनला त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि घरी निघून गेली. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात त्याने तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारला, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला की गडी मस्करी करत नाहीये. आता हा दोष एकट्या मर्व्हचा नाही. आमच्याकडे थट्टा करताना जो हसला तो कच्चा गडी. घोडा शर्यत जिंकला काय आणि घोडा मेला काय, चेहरा तोच, सूर तोच. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय गंभीर लोक आहेत. गंभीर कसले, बेरकी आहेत एकजात. मर्व्हचं मात्र जरा निराळं होतं. निम्म्या वेळा तो अगदी मनापासून बोलत असायचा आणि लोक हसायचे. लोक हसले की आपलं म्हणणं त्यांना पटलं, असं त्याला वाटायचं. साठी उलटली तरी हा घोळ काही सुटला नव्हता.

यारंबा फीडलॉटवर मर्व्ह शेणपाण्याचा माणूस होता. फीडलॉट म्हणजे हजारो गुरं कुंपणात ठेवून, दाणा चारून, खाटकाकडे जायच्या आधी अंगाने भरवायची जागा. इतकी गुरं म्हटल्यावर पायाखाली शेणाचा थर आलाच, आणि त्यावर पाऊस पडला की काळं, दाट पाणी वाहणारच. ते चरांतून गाळाच्या खड्ड्यात जायचं, तिथे गाळ खाली बसला की वरचं पाणी मोठ्या तळ्यात, आणि तळ्यातून पंपाने कडवळाच्या, म्हणजे गुरांच्या ओल्या चाऱ्याच्या, रानात. या सगळ्या वाटेवर मर्व्हची नजर. चर तुंबला की उपस, पंप अडला की खोल. तळ्याच्या एका कडेला सांडवा होता, म्हणजे तळं भरलंच तर बांध न फोडता पाणी तिथून निघावं. सांडव्याखाली गवताचा उतार, उताराखाली सॉमिल ओढा, आणि ओढ्याने खाली गेलं की थेल्माचा डोह.

थेल्मा ही मर्व्हची थोरली बहीण. बाप गेल्यावर रान दोघांत वाटलं गेलं. मर्व्हने लागोपाठच्या कोरड्या सालांना कंटाळून आपला वाटा विकून टाकला. थेल्माने मात्र आपला वाटा सोडला नाही. नवरा गेला तरी नाही, दुधाला भाव नव्हता तरी नाही. गाई, भाजीचा वाफा, एक म्हातारं कुत्रं आणि ती. सॉमिल ओढा वर्षाचे बहुतेक महिने कोरडा ठणठणीत असतो, पण तो डोह आटलेला कुणी पाहिलेला नाही. घरातला नळ, गाईंचं टाकं, वाफ्यातला कोबी, सगळं त्या डोहाच्या जिवावर.

फीडलॉट वाढवायचं ठरलं तेव्हा गावच्या हॉलमध्ये सभा भरली. वास येतो, माश्या होतात, ओढ्याचं वाटोळं होईल, असं ज्याला त्याला काहीबाही म्हणायचं होतं. पण सगळ्यांचे डोळे थेल्माकडे, कारण ओढ्यावर खालच्या अंगाला पहिलं घर तिचं. ती उठली आणि म्हणाली, "मर्व्ह तळ्यावर आहे तोवर माझी हरकत नाही." आणि बसली. झालं, सभेतली हवाच गेली. जिचा डोह तीच काही म्हणत नाही, तर बाकीच्यांनी कशाला घसा कोरडा करायचा?

मर्व्ह मागे चहाच्या बंबाशी उभा होता. त्याचे कान तांबडेलाल झाले. उभ्या जन्मात त्याला कुणी असं चारचौघांत वाखाणलं नव्हतं. त्या दिवसापासून ते तळं त्याच्यासाठी फीडलॉटचं राहिलं नाही. बहिणीने आपल्या भरवशावर तिचं पाणी पणाला लावलंय, आता काही झालं तरी शेणपाण्याचा एक थेंब त्या डोहात जाता कामा नये, हे त्याने मनाशी पक्कं केलं. आणि मनाशी पक्कं केलेल्या माणसाच्या हातून जी चूक होते, ती साध्या माणसाच्या हातून होत नाही.

गुरं वाढली तसं सरकारने फीडलॉटला सांगितलं की तळ्याचं गणित नीट करून घ्या. त्यासाठी टूवूम्बा शहराहून ब्रॉन्विन नावाची एक पोरगी यायला लागली. हुशार, हसरी, बूट कायम चिखलात. ती गुरांचे वाडे पावलांनी मोजायची, मातीचे नमुने घ्यायची आणि कॉम्प्युटरवर एक खोटं तळं चालवायची. खोटं म्हणजे काय, तर आमच्या भागात गेली शंभर वर्षं रोज किती पाऊस पडला तो आकडा ती त्या कॉम्प्युटरला चारायची, आणि एवढी गुरं, एवढा उतार, एवढं ऊन, एवढा पंप असता तर तळं कुठल्या दिवशी किती भरलं असतं, हे तो सांगायचा. मर्व्ह तिच्या खांद्यावरून त्या वरखाली जाणाऱ्या निळ्या रेघेकडे बघायचा. आजोबांच्या काळात हे तळंच नव्हतं, गुरं नव्हती, फीडलॉट नव्हता, तरी ते तळं आजोबांच्या काळात कधी भरलं असतं हे या पोरीला ठाऊक. त्याचं डोकं गरगरायचं, पण तसं तो दाखवायचा नाही. चेहरा तोच.

एकदा दुपारच्या चहाला पंपघराच्या सावलीत दोघं बसली होती. डोरीनने लाल भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, दिले होते. ब्रॉन्विन खातखात समजावत होती.

"हे बघा मर्व्ह, कितीही मोठं तळं बांधलं तरी ते कधीच सांडणार नाही असं नसतं. सगळी शंभर वर्षं चालवून बघितली. आपलं तळं सरासरी दहा वर्षांतून एकदा सांडतं. सरकारला तेवढं चालतं."

मर्व्हने स्कोन खाली ठेवला. मागच्या उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे नाताळच्या सुमाराला वादळं येतात तेव्हा, तळं थोडं सांडलं होतं. तेव्हा ओढा दुथडी वाहत होता, म्हणून कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण सांडलं होतं हे खरं.

"मागच्या वर्षी सांडलं," तो म्हणाला. "म्हणजे आमचा नंबर लागून गेला. आता नऊ वर्षं मी पाय पसरून झोपतो."

ब्रॉन्विन इतकी हसली की चहा तिच्या गुडघ्यावर सांडला. "मर्व्ह, तुम्ही म्हणजे ना," ती डोळे पुसत म्हणाली. तिला आधीच ऑफिसात सांगून ठेवलं होतं की तळ्यावरचा म्हातारा तोंडावरची रेघ न हलवता टोप्या घालतो, सांभाळून राहा. आपण काही फसलो नाही, म्हणून ती खूश झाली.

मर्व्हला वाटलं, पटलं पोरीला. चांगली बातमी म्हणून हसतेय.

तुम्ही म्हणाल, माणूस येडा आहे का? येडा नव्हे. आमच्याकडे लहानपणापासून चर्चच्या रविवारच्या शाळेत बायबलातलं ऐकलेलं असतं की सात वर्षं सुबत्तेची आणि सात वर्षं दुष्काळाची. वर्षं ओळीने येतात, मोजता येतात, हे देवाच्याच घरचं गणित. त्यात ही शिकलेली पोरगी, हातात शंभर वर्षांचा पाऊस, म्हणते दहातून एकदा. आता दहातून एकदा म्हणजे दहातून एकदाच की नाही? मर्व्हने ते कितीतरी वेळा मनात उलटंपालटं करून बघितलं आणि दर वेळी उत्तर तेच आलं.

जाता जाता ब्रॉन्विनने तळ्यात उभ्या केलेल्या खांबावर लाल पट्टा रंगवला. "नोव्हेंबर लागायच्या आधी पाणी याच्या खाली पाहिजे. वादळं सुरू व्हायच्या आधी तळं रिकामं हवं. विसरू नका हं."

हे मात्र मर्व्हच्या पचनी पडेना. त्याने जन्मभर दुष्काळ बघितले होते. पाणी असलेलं तळं ते चांगलं तळं, आणि रिकामं तळं बघून आपल्याकडची माणसं मान खाली घालतात. बापाला वाळलेल्या बांधावर बसून रडताना त्याने पाहिलं होतं. आणि ही म्हणते, रिकामं ठेवा. कशासाठी? पाऊस आला तर जागा हवी म्हणून. मागच्या वर्षीचा तेवढा एक पाऊस सोडला तर कुठे येतोय पाऊस? शेवटी त्यानेच स्वतःची समजूत घातली. लाल पट्टा ज्या वर्षी सांडायचा नंबर असेल त्या वर्षासाठी. आपला तर लागून गेला. मग हे शेणपाणी कडवळाला सगळं एकदम पाजून उडवायचं कशाला? कडवळ करपायला आलं की थोडं थोडं द्यावं. बाकीचं हाताशी असू द्यावं, वेळ काही सांगून येत नाही.

एप्रिलात, म्हणजे आमच्याकडच्या शरदात, एक बरा पाऊस होऊन तळं भरलं आणि त्यानंतर आभाळ जे मिटलं ते मिटलंच. हिवाळा कोरडा गेला, वसंत कोरडा गेला. सगळ्या भागात जमिनीला भेगा पडल्या, पण मर्व्हच्या तळ्यात पाणी होतं. तो कडवळाला घोटाघोटाने पाणी पाजत होता. गुरांची टाकी धुतलेलं पाणीसुद्धा चरातून तळ्यातच येत होतं. मॅनेजर नेव्हिल गाडीतून कधी खाली उतरायचा नाही. काचेतूनच म्हणायचा, "गड्या, सगळं ठीक?" मर्व्ह म्हणायचा, "ठीक." काळं पाणी, हिरवट साय, त्यावर रानबदकं. शेणपाण्याचं का असेना, भरलेलं तळं बघून त्याला बरं वाटायचं.

ऑक्टोबरात ब्रॉन्विनचा फोन आला. ती दूर कुठेतरी दुसऱ्या कामावर होती.

"मर्व्ह, तळं कसं आहे?"

"झकास भरलंय. बदकं खूश आहेत."

ती हसली. सगळ्या भागात पावसाचा टिपूस नाही आणि म्हातारा म्हणतो भरलंय. "बरं. आणि लाल पट्टा?"

"पाण्याखाली आहे. पण जागेवर आहे, कुठे जात नाही."

आता तर ती खो खो हसली. "तुमच्याशी बोललं ना, की दिवस चांगला जातो," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मर्व्हनेही फोन ठेवला. पट्टा पाण्याखाली आहे हे ऐकून ती रागावेल अशी त्याला पुसटशी भीती होती. ती तर हसली. म्हणजे आपलं बरोबरच आहे. तरी घरी गेल्या गेल्या त्याने डोरीनला सांगितलं, "ती पोरगी फार हसते." डोरीन म्हणाली, "तुझ्याशी बोलताना कोण हसत नाही?"

नाताळच्या जरा आधी, एका दुपारी, पश्चिमेकडे आभाळ हिरवं-काळं झालं. आमच्याकडची वादळं मोठी आपमतलबी. एकाच्या रानात गुडघाभर पाणी आणि शेजाऱ्याच्या रानात धूळ. त्या दुपारी जे पडलं ते नेमकं फीडलॉटवर पडलं. वरचा ओढा कोरडा, थेल्माच्या गोठ्यावर चार थेंब, आणि इथे मात्र पत्र्यावर गोटे पडल्यासारखा आवाज. वाड्यांतून शेण फुगून वाहायला लागलं, चर भरून वाहिले, गाळाचा खड्डा दिसेनासा झाला. मर्व्ह रेनकोटात बांधावर उभा होता. तळं चढलं आणि सांडव्याच्या ओठाशी येऊन थांबलं. त्याने सुस्कारा सोडला. म्हणाला, बघा, थांबलंच. नंबर नसला की नसतो.

दुसऱ्या दुपारी दुसरं वादळ तिथेच आलं.

मर्व्हने पंप सुरू केला. पण कडवळाचं रान आधीच भिजून चिंब होतं, पाणी जिरेना, तेही उलट चरातून तळ्याकडेच परत यायला लागलं. भरलेल्या हंड्यात ओतायला जागा कुठून आणणार? आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत काळ्या पाण्याची एक पातळ जीभ सांडव्यावरून घसरली. मागून दुसरी आली. मग सगळा सांडवाच चालू झाला. मर्व्ह नुसता बघत राहिला. त्याला भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटलं ते नवल. हे होणार नव्हतं. हे ठरलेलं होतं की होणार नाही.

त्याने पंपघरातून ब्रॉन्विनला फोन लावला. "पोरी, तळं सांडतंय. यंदा तर आपला नंबर नव्हता."

पलीकडे ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. त्याच्या मागे पाण्याचा आवाज येत होता.

"मर्व्ह, तुम्ही खरं सांगताय?"

"मी नेहमी खरंच सांगतो."

ती मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "लाल पट्टा खरंच पाण्याखाली होता?"

"तुला सांगितलं होतं की."

"खाली कोण राहतं? त्यांना आधी सांगा. पाणी उपसू नका म्हणावं. लगेच जा."

थेल्माला फोन लागेना. वादळात तारा तुटणं आमच्याकडे नेहमीचंच. मर्व्ह गाडीत बसला. काळ्या मातीच्या ओल्या रस्त्यावर गाडी चाकाच्या बुडापर्यंत रुतली, तेव्हा तो उतरून कुंपण ओलांडून रानातून चालत सुटला. थेल्माच्या हद्दीत पोचला तर तिथे पायाखाली धूळच होती. फक्त ओढ्याच्या अंगाने शेणाचा वास येत होता. डोहावरचा पंप टकटक चालू होता. तो आधी बंद करावा हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बहिणीला सांगायचं, एवढंच डोक्यात.

थेल्मा स्वयंपाकघरात होती. तिने त्याच्याकडे बघितलं. चिखलाने माखलेला, दम लागलेला, आणि चेहरा नेहमीचाच, जणू रस्त्यात एखादा खिळा सापडला म्हणून सांगायला आलाय.

"थेल्मा, पंप बंद कर. माझं तळं तुझ्याकडे येतंय."

"येऊ दे की," ती म्हणाली. "त्यालाही चहा करते. इथे चार थेंब पडले आणि हा म्हणतो तळं सांडलं. बूट बाहेर काढ. फरशी आत्ता पुसलीय."

मर्व्हने तोंड उघडलं. तिला कसं पटवायचं हे त्याला सुचेना. जन्मभर एकाच चेहऱ्याने बोललेला माणूस, दुसरा चेहरा आणायचा कुठून? आणि खरं सांगायचं तर तिचं बोलणं ऐकून त्याचंच मन डळमळलं. इथे खिडकीबाहेर ऊन पडलंय, कोबीवर धूळ आहे, कुत्रं झोपलंय. सांडलं ते आपण नीट बघितलं ना? एवढंसं तर सांडत होतं. वाटेत जिरूनही जाईल. भेगा केवढ्या पडल्यात. आणि नंबर तर नव्हताच. त्याने बूट काढले. तो खुर्चीवर बसला. तिने हातात कप दिला आणि त्याने घेतला. तो चहा प्यायला. या एका गोष्टीसाठी त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि मीही त्याच्या बाजूने काही बोलणार नाही.

थेल्मा कपबशी विसळायला नळाशी गेली. नळ खाकरला, थुंकला, आणि त्यातून चहापेक्षा काळं पाणी आलं. मग घरभर वास पसरला. ती नळ धरून उभी राहिली. तिने मागे वळून भावाकडे बघितलं आणि एक शब्दही न बोलता अनवाणी पंपाकडे पळाली.

नाताळपर्यंत डोहातले मासे पांढऱ्या पोटांनी वर तरंगले. गाई त्या पाण्याला तोंड लावेनात. दुधाची गाडी थेल्माच्या फाटकाशी थांबेनाशी झाली. ज्या डोहात ती आणि मर्व्ह पोहायला शिकले त्याच्या काठाने लोक नाक धरून जायला लागले.

नव्या वर्षात सरकारचा माणूस तपासणीला आला. तळ्याच्या बांधावर सगळे जमले. तो, नेव्हिल, ब्रॉन्विन, मर्व्ह, आणि तक्रार तिची म्हणून थेल्मा. त्या माणसाने लाल पट्ट्याकडे बोट दाखवलं. "वादळांच्या आधी पाणी याच्यावर होतं. का?"

"आमचा नंबर लागून गेला होता," मर्व्ह म्हणाला. "दहा वर्षांतून एकदा. त्याच्या आदल्या साली एकदा सांडलं होतं."

सरकारी माणूस हसला. नेव्हिलही घाईघाईने हसला. "अहो, हा असाच आहे आमचा मर्व्ह," तो म्हणाला. "वेळकाळ बघत नाही. गड्या, आता नीट सांग काय झालं ते. पंप बिघडला होता ना?"

पंप बिघडला होता म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. यंत्र बिघडतं, त्याला कोण काय करणार? मर्व्हला हे कळलंसुद्धा. पण पंप बिघडला नव्हता. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला आणि पुन्हा म्हणाला, "नंबर लागून गेला होता."

आता हसणं जरा कडवट झालं. सरकारी माणसाला वाटलं, म्हातारा आपली टिंगल करतोय. ब्रॉन्विनचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "मर्व्ह मला हे आधीही बोलले होते. पट्टा पाण्याखाली आहे हेही सांगितलं होतं. मी हसले होते. मला वाटलं..."

"थांबा," थेल्मा म्हणाली. ती इतका वेळ हाताची घडी घालून गप्प उभी होती. "तो थट्टा करत नाहीये. माझा भाऊ आहे, मी ओळखते. त्याला खरंच तसं वाटलं होतं. ते तो खरंच समजून चालला होता."

लबाड म्हणून घेतलेलं माणूस सोसतं, आणि खोडकर म्हटलं तर मिरवतंसुद्धा. पण सगळ्यांसमोर बहिणीने खरं सांगून सोडवावं, आणि ते खरं म्हणजे आपला अडाणीपणा असावा, हे सोसायचं कसं? मर्व्हला कुठे बघावं ते कळेना. तो तळ्याकडे बघत राहिला.

नंतर ब्रॉन्विनने त्याला पुन्हा समजावलं. "नाणं वर फेकलं मर्व्ह. छाप आली. पुढच्या खेपेला नाण्याला आठवतं का, की मागे छाप आली होती?"

"नाण्याला नाही आठवत," मर्व्ह म्हणाला. अॅन्झॅक दिवसाला, म्हणजे आमच्या सैनिकांच्या स्मरणदिनी, जुगाराची नाणी उडवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, ते त्याला पुरतं कळत होतं. "पण तू तर म्हणालीस, शंभर वर्षांचं आठवतं."

"ते मला आठवतं. आभाळाला नाही."

मर्व्हने मान हलवली. नाण्याचं कळलं. आभाळाचं कळलं की नाही, हे त्यालाच सांगता येईना.

फीडलॉटने थेल्माला पाण्याचा टँकर लावून दिला आणि तो चालवायला मर्व्हलाच बसवलं. तो रोज जायचा, टाक्यात पाणी सोडायचा, पाइप गुंडाळायचा आणि परत यायचा. थेल्मा बाहेर यायची नाही. पडद्याआडून कुत्रं भुंकायचं तेवढंच. ती त्याच्याशी बोलत नव्हती. आणि ती बोलली तर काय म्हणेल याचा विचार करकरून मर्व्हची रोज नवी पंचाईत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एक दिवस ती व्हरांड्यात आली. "आत ये."

त्याने बूट काढले. तिने टँकरच्या पाण्याचा चहा केला. दोघं समोरासमोर बसली.

"हॉलमध्ये मी काय म्हणाले होते, आठवतं तुला?"

"मी तळ्यावर आहे तोवर हरकत नाही."

"ते का म्हणाले, काय वाटतं तुला?"

मर्व्ह कपाशी चाळा करत राहिला. हे उत्तर तो इतकी वर्षं छातीशी धरून होता, पण आज ते तोंडातून निघेना. "तुझा भरवसा होता," तो शेवटी म्हणाला. "मला यातलं कळतं म्हणून."

"मर्व्ह," थेल्मा म्हणाली, "तुला यातलं ओ की ठो कळत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बापाचं रान तू कसं विकलंस ते मी बघितलंय. मी हरकत घेतली असती तर फीडलॉट वाढला नसता, आणि ते माणसं काढणार होते. पहिला तू गेला असतास. या वयात तुला कोण ठेवणार होतं? म्हणून म्हणाले."

मर्व्हने मान वर केली. इतकी वर्षं तो ज्याचं ओझं वाहत होता, ते त्याच्यावर कुणी टाकलंच नव्हतं. तिने भरवसा ठेवला नव्हता, तिने त्याला पोसलं होतं. आपल्या डोहाच्या जिवावर. हे त्याला लागलं की बरं वाटलं, हे त्याचं त्यालाच उमगेना. दोन्ही एकदमच झालं असावं.

"मग आता?" त्याने विचारलं.

"पुढच्या महिन्यात परत सभा आहे. त्यांना अजून गुरं वाढवायचीत. या वेळी मी उठून हरकत घेणार. तुझी नोकरी जाईल कदाचित. दुसऱ्या कुणाकडून तुला कळू नये म्हणून आत बोलावलं."

बाहेर टाकं भरत असल्याचा आवाज येत होता.

"हरकत घे," मर्व्ह म्हणाला. "मी तुझ्या शेजारी बसेन."

थेल्माने त्याच्याकडे नीट बघितलं. खरंच का, असं तिने विचारलं नाही. ती उठली, त्याच्यापुढचा रिकामा कप उचलला आणि थोडक्या पाण्यात विसळून पालथा घातला.